टर्बोशिवाय ताकद : गोव्यात पहिलं इंजिन बांधताना

गोव्यात इंजिन बांधणाऱ्याला एक गोष्ट फुकट मिळते, ती म्हणजे समुद्रसपाटीची हवा. टर्बो किंवा सुपरचार्जर नसलेलं इंजिन बाहेरच्या हवेच्या दाबावरच भरतं. पणजीत हा दाब साधारण 1013 मिलिबार असतो. तीच गाडी चोर्ला घाट चढवून बेळगावला, म्हणजे साडेसातशे मीटर उंचीवर नेली, की सिलिंडरमध्ये आठ-नऊ टक्के हवा कमी जाते आणि जवळपास तेवढीच ताकद घटते. आपल्याला हा तोटा नाही. पण जुलैत 30 अंश तापमान आणि 85 टक्के आर्द्रता असली, तर हवेच्या दाबातला साडेतीन टक्के वाटा निव्वळ पाण्याच्या वाफेचा असतो, आणि वाफ जळत नाही. निसर्ग एका हाताने देतो आणि दुसऱ्या हाताने थोडं काढून घेतो.

या कामाचा सगळा हिशेब हवेचाच आहे. दाबून भरायची सोय नाही, म्हणून जी हवा येते तिची वाट मोकळी करायची आणि आत आलेल्या हवेचा पुरेपूर उपयोग करायचा. माझं ठाम मत सुरुवातीलाच सांगतो: पहिला पैसा मोजमापावर आणि हेडच्या, म्हणजे सिलिंडरवरच्या व्हॉल्व्ह असलेल्या झाकणाच्या, कामावर घाला. चकचकीत फिल्टर, रंगीत पाइप, मोठा सायलेन्सर हे सगळं नंतरचं. बहुतेक जण नेमका उलटा क्रम लावतात आणि मग गाडी नुसती ओरडते, पळत नाही.

आधी आकडा ठरवा

उदाहरणासाठी मारुती एस्टीमचं 1.3 लिटरचं इंजिन घेऊ. गाडी हलकी, सुटे भाग मिळतात, आणि भारतातल्या रॅलींमध्ये हे इंजिन वर्षानुवर्षं धावलंय. बोअर (सिलिंडरचा व्यास) 74 मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) 75.5 मिमी, एकूण 1298 सीसी. एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या) इंजिनाची कंपनीची ताकद 85 बीएचपी.

समजा तुम्हाला 110 बीएचपी हवेत. सूत्र सोपं आहे: टॉर्क (फिरवायचा जोर) न्यूटन मीटरमध्ये घ्या, त्याला आरपीएमने गुणा, 7121 ने भागा, उत्तर बीएचपीत येतं. 7000 आरपीएमला 110 बीएचपी पाहिजे तर तिथे 112 न्यूटन मीटर टॉर्क लागतो. मूळ इंजिनाचा जास्तीत जास्त टॉर्कही याच घरातला आहे, फक्त तो साडेचार हजारांच्या आसपास मिळतो आणि पुढे इंजिनाचा दम कमी पडत जातो. म्हणजे टॉर्क दुप्पट करायचा नाहीये. आहे तो टॉर्क 7000 पर्यंत टिकवून धरायचा आहे. हे एकदा नीट समजलं की कुठला भाग घ्यायचा आणि कुठला सोडायचा, हे आपोआप कळायला लागतं.

फेऱ्या वाढवायच्या म्हणजे पिस्टनचा सरासरी वेग बघावा लागतो. स्ट्रोक मीटरमध्ये घेऊन त्याची दुप्पट करा, आरपीएमने गुणा, 60 ने भागा. आपल्या इंजिनाला 7000 आरपीएमवर हा वेग सेकंदाला 17.6 मीटर येतो. 1999 च्या होंडा एस2000 चं दोन लिटरचं इंजिन 84 मिमी स्ट्रोकवर 9000 आरपीएम घ्यायचं, तिथे तो 25 मीटरच्या वर जातो. पण त्या इंजिनाचे रॉड, पिस्टन, बोल्ट त्यासाठीच घडवलेले होते. जुन्या मूळ रॉडवर वीसच्या खाली राहा. नवख्याने 7000-7200 वर लिमिटर लावला तर इंजिन टिकतं.

आणखी एक निर्णय आधीच घ्या: गाडी रस्त्यावर चालवायची की स्पर्धेत? मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे आरसीवर नोंदलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. रोजच्या गाडीत इंजिन मूळ मापात पण अचूक बांधा, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागेवर ठेवा, पीयूसीत पास होऊ द्या. मोठा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), वाढीव कॉम्प्रेशन, स्वतंत्र ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा संगणक) हे सगळं फक्त स्पर्धेच्या गाडीसाठी. तिथे एफएमएससीआय या मोटरस्पोर्टच्या राष्ट्रीय संस्थेचा परवाना आणि त्या वर्गाचे नियम आधी वाचा, कारण काही वर्गांत कॅम बदलायलाही परवानगी नसते.

खोलण्याआधी तपासा

इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, इंधन आणि इग्निशन बंद करा, थ्रॉटल पूर्ण दाबून ठेवा आणि चार्ज केलेल्या बॅटरीवर कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजा. चारही आकड्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक नको. एखादा सिलिंडर कमी दाखवत असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा: आकडा वाढला तर रिंगा गेल्यात, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. लीकडाउन टेस्टर (सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडून गळती दाखवणारं यंत्र) मिळाला तर आणखी चांगलं. हवा कुठून सुटते ते कानाने कळतं: ऑइलच्या झाकणातून आली तर रिंग, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट.

हे सगळे आकडे वहीत लिहा. शक्य असेल तर मूळ अवस्थेतच एकदा डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, गाडी चढवून आलेख घ्या. तो हाताशी नसेल तर पुढे किती मिळालं हे कुणालाच सांगता येत नाही, आणि मग प्रत्येक जण आपल्याला वाटेल तो आकडा सांगतो.

ब्लॉक आणि खालचं काम

खोलताना बेअरिंग कॅपवर नंबर टाका आणि प्रत्येक कॅप आपापल्या जागीच परत जाईल हे बघा. व्हॉल्व्ह, टॅपेट, रॉकर यांच्यासाठी पुठ्ठ्याला भोकं पाडून क्रमाने ठेवले तरी चालतं.

बोअर वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजा. झीज जास्त असेल तर 0.25 किंवा 0.50 ओव्हरसाइज पिस्टन. आधी पिस्टन विकत घ्या, ते हातात आले की मायक्रोमीटरने मोजा, आणि मगच ब्लॉक बोअरिंगला द्या. बोअर त्या पिस्टनच्या मापाने होतो, कॅटलॉगमधल्या आकड्याने नाही. रिंग बोअरमध्ये सरळ बसवून तिच्या तोंडाची फट फीलर गेजने बघा. 74 मिमी बोअरला टर्बोशिवायच्या इंजिनात साधारण 0.30 मिमी ठीक. बेअरिंगमधली फट जर्नलच्या (क्रँकशाफ्टच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागाच्या) व्यासाच्या हजाराव्या भागाएवढी, म्हणजे 45 मिमी जर्नलला 0.045 मिमीच्या आसपास. प्लास्टिगेजची मऊ पट्टी ठेवून, टॉर्क रेंचने कॅप आवळून, पुन्हा उघडून पट्टी किती पसरली त्यावरून ही फट मोजता येते. रॉड बोल्ट नवे घ्या. जास्त आरपीएमला सगळ्यात आधी जीव सोडतात ते हेच बोल्ट.

क्रँक ग्राइंडिंग आणि बॅलन्सिंग गोव्यात मनासारखं जमत नसेल तर बेळगावचं उद्यमबाग किंवा कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर, ही दोन्ही यंत्रकामाची जुनी ठिकाणं आहेत. डिचोली-साखळीकडे खाणीच्या ट्रकांवर हात बसलेले मेस्त्रीही असतात. डिझेलवाला म्हणून त्यांना कमी लेखू नका, मापाची शिस्त तीच असते. मात्र मेस्त्रींना काम तोंडी सांगू नका. हवी ती फट मिलिमीटरमध्ये कागदावर लिहून द्या. आणि चवथीच्या तोंडावर कुठलंही मशीनकाम देऊ नका, तेव्हा सगळ्या गोव्याला गाडी तयार हवी असते आणि घाईचं बोअरिंग कुणाच्याच भल्याचं नसतं.

हेड : इथे वेळ घाला

पोर्टिंग, म्हणजे हेडमधल्या हवेच्या वाटा (पोर्ट) घासणं, म्हटलं की लोक ग्राइंडर घेऊन पोर्ट रुंद करायला लागतात. ते थांबवा. हवा अडते ती बहुतेक वेळा व्हॉल्व्हच्या सीटजवळ (बंद व्हॉल्व्ह जिथे टेकतो ती कड), सीटच्या दोन्ही बाजूंच्या सेंटिमीटरभर जागेत. लांबच्या सरळ पोर्टमध्ये नाही. पोर्ट उगाच मोठा केला तर हवेचा वेग पडतो, आणि खालच्या-मधल्या फेऱ्यांत गाडी मेल्यासारखी वाटते.

कामाचा क्रम असा: आधी व्हॉल्व्ह गाइड, म्हणजे व्हॉल्व्हचा दांडा ज्या नळीत सरकतो ती, बदला. गाइड ढिली असेल तर सीट कितीही छान कापली तरी व्हॉल्व्ह दर वेळी वेगळ्या जागी बसतो. मग सीट तीन कोनांत, 30-45-60 अंशांत कापून घ्या. सीटच्या खाली कारखान्यातल्या कटरने सोडलेली एक धार असते. हेड उलटं करून बोट आत घातलं तर ती नखाला लागते. ती धार हलक्या हाताने उतरवून पोर्ट सीटमध्ये सलग मिसळू द्या. घसा, म्हणजे सीटलगतचा अरुंद भाग, व्हॉल्व्हच्या व्यासाच्या 88 ते 90 टक्क्यांच्या पुढे नेऊ नका, पुढे सीटला आधार उरत नाही. गाइडच्या भोवतीचा ओबडधोबड भाग निमुळता करा. आतल्या वळणाची छोटी बाजू, जिथे हवा खाली वळून सीटकडे जाते, तिला जवळजवळ हात लावू नका. तिथला गोलवा सपाट झाला की हवा भिंत सोडते आणि मोठा पोर्ट कमी हवा देतो.

इनटेक पोर्ट आरशासारखा घासायचा नाही. 80 नंबरच्या पेपरची खरखर राहू द्या, भिंतीवर पेट्रोलची पातळ धार जमत नाही. एक्झॉस्ट पोर्ट आणि कम्बशन चेंबर मात्र गुळगुळीत चालतात, तिथे कार्बन कमी धरतो. शेवटी इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटून देणारे पाइप) आणि गॅस्केट पोर्टशी जुळवा. मॅनिफोल्डची कड पोर्टमध्ये डोकावत असेल तर वरची सगळी मेहनत तिथेच अडते.

कॉम्प्रेशन मोजायचं कसं

एका सिलिंडरची क्षमता 324.7 सीसी. वर उरलेल्या जागेवरून कॉम्प्रेशनचं प्रमाण, म्हणजे हवा किती पट दाबली जाते ते, ठरतं, आणि ती जागा अंदाजाने नाही, मोजून काढायची. हेड उलटं ठेवा, व्हॉल्व्हच्या सीटला किंचित ग्रीस लावून व्हॉल्व्ह बसवा, प्लग लावा. चेंबरवर कडेने ग्रीस लावून ॲक्रिलिकची पट्टी दाबा, पट्टीला एक बारीक भोक ठेवा. हेड जरासं तिरकं करा म्हणजे भोक सर्वांत उंच राहील. आता सिरिंजने रंग घातलेलं रॉकेल सोडत जा. शेवटचा बुडबुडा भोकातून निसटला की थांबा. जेवढं गेलं तेवढा चेंबर. चारही चेंबर अर्ध्या सीसीच्या आत सारखे करा.

उदाहरण घ्या. चेंबर 30 सीसी, दाबलेल्या गॅस्केटची जागा 5.3, पिस्टन ब्लॉकच्या माथ्यापासून 0.2 मिमी खाली म्हणून 0.9, पिस्टनच्या माथ्यावरचा खड्डा 4.4. बेरीज 40.6. 324.7 अधिक 40.6, भागिले 40.6, म्हणजे कॉम्प्रेशन 9 ला 1. सपाट माथ्याचे पिस्टन घेतले आणि ब्लॉकचा माथा 0.2 मिमी कापून सपाट (फेस) केला तर उरतात 35.3 सीसी आणि कॉम्प्रेशन येतं 10.2. हेडला कापायची गरजच पडली नाही. एक अंक कॉम्प्रेशन वाढलं की साधारण तीन टक्के ताकद मिळते. ऐकायला कमी वाटतं, पण ती सगळ्या फेऱ्यांत मिळते आणि मोठ्या कॅमने खाली जे घालवलं ते भरून काढते.

हेड फेसिंग करावंच लागलं तर एक लक्षात ठेवा: हेड एक मिलिमीटर खाली आलं की बेल्टवरचा कॅम क्रँकच्या मापाने साधारण दोन अंश मागे जातो. म्हणून ॲडजस्टेबल कॅम पुली घ्या. आपल्याकडच्या उकाड्यात पंपावरच्या ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलवर, ज्याचा किमान ऑक्टेन 95 धरलेला असतो, मी पहिल्या इंजिनाला 10 ते 10.5 च्या पुढे जाऊ नका असंच सांगेन.

कॅम, आणि मातीची परीक्षा

कॅम निवडताना सगळ्यात मोठ्याचा मोह होतो. जास्त ड्युरेशनचा, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवणारा, कॅम वरच्या फेऱ्यांत हवा भरतो, पण आयडल डळमळीत होतो, मॅनिफोल्डमधला व्हॅक्युम पडतो, आणि मॅनिफोल्डचा दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरवर चालणारा ईसीयू गोंधळतो. ज्या कॅमचा जोर 3000 ते 7000 च्या पट्ट्यात आहे तोच घ्या, आणि कॅमच्या कंपनीने सांगितलेल्याच स्प्रिंगा घाला.

आता सपाट पिस्टन आणि जास्त लिफ्टचा (व्हॉल्व्ह जास्त उचलणारा) कॅम एकत्र आले, म्हणजे व्हॉल्व्ह पिस्टनला लागतो का हे बघणं अटळ आहे. मुलांच्या खेळण्यातली मऊ प्लास्टिसिन माती घ्या. पिस्टनच्या माथ्यावर, व्हॉल्व्ह येतात तिथे, तिची बोटभर जाड पट्टी थापा. व्हॉल्व्हला ऑइलचं बोट लावा म्हणजे माती चिकटणार नाही. वापरलेलं, आधीच दाबलं गेलेलं गॅस्केट घालून हेड आवळा, कॅमचं टायमिंग लावा, टॅपेटची फट बरोबर करा. हायड्रॉलिक टॅपेट असतील तर तात्पुरते घट्ट करून घ्या, नाहीतर ते दबतात आणि माप खोटं येतं. प्लग काढून पाना लावून क्रँक हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवा. कुठेही अडलं तर जोर करू नका, थांबा. मग हेड उचला. मातीत व्हॉल्व्हचा चंद्रकोरीसारखा ठसा उमटलेला दिसेल. ब्लेडने तो मधोमध कापा आणि सर्वांत पातळ जागी व्हर्नियर लावा. इनटेकला 2 मिमी आणि एक्झॉस्टला 2.5 मिमी हवेतच. एक्झॉस्टला जास्त, कारण तो व्हॉल्व्ह तापून लांबतो. कमी पडलं तर पिस्टनला पॉकेट कापून घ्या. त्याने सीसी वाढतात, म्हणून कॉम्प्रेशनचा हिशेब पुन्हा करा.

हवेची वाट, बाहेर जायची वाट

बॉनेटखाली 60 अंशांची हवा ओढण्यापेक्षा बाहेरची 35 अंशांची ओढली तर आठ टक्के जास्त घट्ट हवा मिळते. एवढा फायदा दुसऱ्या कुठल्याही स्वस्त कामातून होत नाही. पण इनटेकचं तोंड बंपरच्या खाली नेऊ नका. आपल्याकडे जून-जुलैत रस्त्यावर पाणी साचतं, ते एकदा आत ओढलं की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि सगळं बांधकाम एका क्षणात संपतं. हेडलाइटच्या उंचीवर, ग्रिलमागे तोंड ठेवा. सत्तरी, सांगे, डिचोलीकडच्या लाल धुळीत उघडा जाळीचा फिल्टर वापरू नका. ती धूळ बारीक आणि कडक असते, रिंगा घासून काढते. मोठ्या आकाराचा कागदी फिल्टर बंद डब्यात घालणं हाच शहाणपणाचा मार्ग.

एक्झॉस्टला 4-2-1 हेडर (चार पाइप आधी दोनांत, मग एकात मिळणारा) घ्या, मधल्या फेऱ्यांत तो जास्त देतो. 4-1 फक्त वरच्या फेऱ्यांतच राहणाऱ्या गाडीला. आपल्या मापाच्या इंजिनाला 35 ते 38 मिमी आतल्या व्यासाचे पाइप पुरेत. समुद्राकाठी माइल्ड स्टीलचा हेडर फार टिकत नाही, स्टेनलेस घ्या. सेन्सरच्या कनेक्टरमध्ये डायइलेक्ट्रिक ग्रीस भरा, खारी हवा तांबं हिरवं करते आणि मग दोष शोधण्यात आठवडे जातात.

इंधन, ठिणगी आणि नकाशा

110 बीएचपीसाठी चार इंजेक्टर 85 टक्के ड्युटीच्या (उघडे राहण्याच्या वेळेच्या) आत ठेवायचे तर प्रत्येकी मिनिटाला 170 सीसी लागतात. ई20 ला हवेच्या मानाने साधारण नऊ टक्के जास्त इंधन लागतं, म्हणून 185 धरा. साध्या पेट्रोलचं हवा-इंधनाचं संतुलित प्रमाण 14.7 ला 1, ई20 चं 13.5 च्या आसपास. म्हणून हे प्रमाण दाखवणाऱ्या वाइडबँड गेजवर आकडा लॅम्बडात (1 म्हणजे संतुलित, त्याखाली जास्त इंधन) बघा, गोंधळ होत नाही. पूर्ण थ्रॉटलला 0.87 ते 0.90. पावसाळ्यात अर्धी टाकी घेऊन गाडी महिनाभर उभी करू नका. इथेनॉल दमट हवेतलं पाणी ओढतं.

ईसीयूसाठी स्पीडुइनो किंवा मेगास्क्वर्ट हे शिकणाऱ्याला परवडणारे पर्याय आहेत, पण नकाशा, म्हणजे किती इंधन आणि कधी ठिणगी द्यायची याचा तक्ता, डायनोवरच बसवा, रस्त्यावर नाही. ठिणगीचं टायमिंग एकेक अंश वाढवत जा. ताकद वाढायची थांबली की दोन अंश मागे या. नॉकिंग (मिश्रण अवेळी स्फोटासारखं जळणं) कानाने ऐकायचं असेल तर तांब्याची नळी टोकाला चेपून ब्लॉकच्या बोल्टखाली धरा, दुसऱ्या टोकाला रबरी पाइप लावून तो कानावरच्या मफमध्ये घाला. इंजिनाच्या गुरगुरण्यातून खडे टाकल्यासारखा कडक टक टक आवाज वेगळा ऐकू येतो. तो आला की लगेच थ्रॉटल सोडा. आणि हे काम दुपारी, उकाड्यात करा. सकाळच्या थंड हवेत बसवलेला नकाशा मे महिन्याच्या दुपारी नॉक करू शकतो.

पहिले किलोमीटर

डायनोच्या आधी रिंगा बसायला हव्यात. त्यासाठी एक सुरक्षित, थोडा जास्त इंधनाचा आणि कमी टायमिंगचा नकाशा भरा. मिनरल ऑइल घाला, सिंथेटिक आत्ता नको. प्लग काढून स्टार्टरवर ऑइल प्रेशर येईपर्यंत फिरवा, मगच पेटवा. तासभर आयडलवर ठेवून देऊ नका, रिंग बसायला मागे दाब लागतो. मोकळ्या रस्त्यावर, तिसऱ्या गिअरमध्ये, मध्यम जोराने वेग घ्या आणि मग थ्रॉटल सोडून गाडी इंजिनावर हळू होऊ द्या, असं पुन्हा पुन्हा. फोंड्याहून मोल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे हे छान जमतं.

पहिल्या 50 किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदला, काढलेला फिल्टर कापून त्याचा कागद उलगडा. बारीक राखाडी चमक ठीक, चुंबकाला चिकटणारे किंवा तांबूस कण दिसले तर गाडी थांबवा आणि बेअरिंग उघडा. 500 किलोमीटरला पुन्हा ऑइल, टॅपेटची फट, हेडर आणि मॅनिफोल्डचे बोल्ट. मग पुन्हा कॉम्प्रेशन मोजा आणि वहीतल्या पहिल्या आकड्यांशेजारी लिहा. चारही सिलिंडर सारखे आले की डायनोची वेळ घ्या.